नवतीवरचा किडा, पडद्यावरचा जीनोम

संत्र्याला नवती फुटली की सायला हजर होतो. ३-४ मिलिमीटरचा किडा, पंखांवर तपकिरी डाग. कोवळ्या शेंड्यावर डोके खाली टेकवून आणि मागचे अंग तिरके उचलून बसतो. त्या बसण्याच्या ढबीवरूनच तो ओळखू येतो. पिल्ले चपटी, पिवळसर, मागून पांढऱ्या मेणाचे पीळदार धागे सोडणारी. वरूड-मोर्शीच्या आमच्या पट्ट्यात तो नवा नाही. तरी कृषी केंद्राच्या बाकावर चर्चा रंगते ती कोळशीची आणि डिंक्याची, कारण ती दुखणी डोळ्यांना दिसतात. कोळशीने पान काळवंडते, डिंक्याने खोडातून डिंक वाहतो. सायला मात्र रस पिता पिता झाडात एक जिवाणू सोडतो, आणि त्या जिवाणूचा रोग झाडावर दिसेपर्यंत महिने जातात, कधी वर्षे. मग पाने ठिकठिकाणी पिवळी पडतात, फळ लहान आणि वाकडे राहते, देठाकडून रंग धरते पण खालचे टोक हिरवेच. यालाच ग्रीनिंग म्हणतात. लागलेले झाड पूर्ण बरे करील असे औषध अजून कुणाकडे नाही.

फ्लोरिडात हा सायला १९९८ साली सापडला आणि ग्रीनिंग २००५ साली. २००३-०४ च्या हंगामात त्या राज्यात संत्र्यांच्या २४ कोटींहून अधिक पेट्या निघाल्या होत्या. २०२३-२४ मध्ये निघाल्या १.८ कोटी. चक्रीवादळांचा त्यात वाटा आहेच, पण मोठा घाव ग्रीनिंगचा. हे आकडे मी बाबांना वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे त्यायच्या वरूडचं वाटोळं झालं म्हण ना."

त्या 'त्यांच्या वरूड'मधल्या लोकांनी या किड्याच्या बाबतीत एक काम केले. मला लिहायचे आहे ते त्याबद्दल.

फोर्ट पिअर्स नावाचे गाव फ्लोरिडाच्या संत्र्या-मोसंब्यांच्या पट्ट्यात आहे. तिथे इंडियन रिव्हर स्टेट कॉलेज नावाचे महाविद्यालय आहे. मोठे नामांकित विद्यापीठ नव्हे; आसपासच्या गावांतली मुले-मुली शिकायला येतात असे कॉलेज. तिथल्या पदवीच्या विद्यार्थ्यांनी इतर विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांबरोबर बसून सायल्याची जनुके एकेक करून तपासली, दुरुस्त केली, त्यांना नावे दिली. २०१७ साली 'डेटाबेस' या नियतकालिकात या गटाचा शोधनिबंध आला तेव्हा हाताने तपासलेल्या जनुकांची संख्या ५३० होती. पुढे किड्याचा जीनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएचा मजकूर, आणखी चांगल्या रीतीने जोडला गेला, १३ गुणसूत्रांपर्यंत, आणि या विद्यार्थ्यांचे निबंध एकामागून एक येत राहिले: कवचातल्या कायटिनची जनुके, त्वचेची जनुके, दिवस-रात्रीचे भान ठेवणारी जनुके. लेखकांच्या यादीत त्या मुलांची नावे आहेत.

हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हेवा वाटला. मी इथल्याच एका ग्रामीण महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी संत्र्याचा बगीचा आहे, उरलेल्यांच्या घरी कापूस, तूर. सायला त्यांनी माझ्या कितीतरी आधी पाहिला आहे. मग त्याच्या जनुकांची नोंद करताना आमची मुले का नसावीत?

आधी हे काम नेमके काय, ते सांगते. सायल्याचा जीनोम सुमारे ४८ कोटी अक्षरांचा आहे. अक्षरे चारच, ए, टी, जी आणि सी, पण ती सलग, शिरोरेषा नाही की विरामचिन्ह नाही. यंत्राने ती वाचली, संगणकाने तुकडे जोडले, म्हणजे फक्त जमीन मोजून झाली. सातबारा तयार झाला नाही. कोणता तुकडा कोणत्या जनुकाचा, त्याचा धुरा, म्हणजे बांध, नेमका कुठे, मधली पडीक किती, हे सगळे त्यावर लिहावे लागते. या लिहिण्याला अ‍ॅनोटेशन म्हणतात. पहिली नोंद संगणकच करतो; त्यासाठी चांगली सॉफ्टवेअर आहेत आणि ती एका रात्रीत हजारो जनुके आखून देतात. पण आखणी अंदाजाने असते. दोन शेजारची जनुके तो एक समजतो. एका लांब जनुकाचे दोन-तीन तुकडे करून त्यांना वेगवेगळी नावे देतो. जनुकाच्या आत एक्सॉन म्हणजे कामाचे तुकडे आणि इंट्रॉन म्हणजे मधले गाळायचे तुकडे असतात, त्यांची हद्द दहा-वीस अक्षरांनी इकडेतिकडे सरकवतो. आणि एक अक्षर जरी सरकले तरी पुढचे सारे वाचन बिघडते, कारण पेशी ही अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचते. जिथे थांबा नाही तिथे थांबा दिसू लागतो.

हे वर्गात पहिल्यांदा समजावून दिले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हे तं धुऱ्याचंच भांडन आहे." वर्ग हसला. पण त्याने बरोबर जागी बोट ठेवले होते. धुऱ्याचा वाद तलाठ्याच्या कागदावर बसून सुटत नाही. वावरात जाऊन खुणा पाहाव्या लागतात, शेजाऱ्याला विचारावे लागते.

जनुकाच्या वादात खुणा कोणत्या? एक खूण थेट त्या किड्याच्या पेशीतून येते. किड्याच्या अंगात जे जनुक खरोखर वापरले जाते त्याची आरएनए प्रत निघते, इंट्रॉन गाळून. त्या प्रती वाचून जीनोमवर परत बसवल्या की कुठला भाग राहिला आणि कुठला गळाला हे दिसते. दुसरी खूण नात्यातल्या किड्यांची. फळमाशी, मावा, ढेकूण यांच्यात तेच प्रथिन कसे आहे ते पाहायचे. तिसरी खूण अक्षरांतच असते: इंट्रॉन बहुतेक वेळा जीटी या जोडीने सुरू होतो आणि एजी या जोडीने संपतो. तिन्ही खुणा एकाच जागी जुळल्या तर हद्द पक्की. न जुळल्या तर विचार करायचा, आणि तो विचार माणसाने करायचा असतो.

याच कामासाठी अपोलो नावाचे सॉफ्टवेअर आहे. २००२ साली ते आले तेव्हा प्रत्येकाने आपापल्या संगणकावर बसवायचे होते. २०१३ मध्ये त्याची वेब आवृत्ती निघाली, आणि माझ्या मते खरा बदल तिथे झाला. जीनोम एका सर्व्हरवर ठेवलेला. आपण ब्राउझर उघडायचा, लॉगिन करायचे. पडद्यावर खाली खुणांचे पट्टे: संगणकाचा अंदाज, आरएनएच्या प्रती, नात्यातल्या किड्यांची प्रथिने. वर एक मोकळा पट्टा असतो, तो आपला. खालचा अंदाज उचलून वर आणायचा आणि त्याच्यावर काम करायचे. एक्सॉनची कड माउसने धरून ओढली की वाचनाची चौकट नव्याने मोजली जाते. हद्द जीटी-एजीवर बसली नाही तर तिथे इशाऱ्याचे चिन्ह उमटते. दोन तुकडे जोडता येतात, एकाचे दोन करता येतात. कुणी, केव्हा, काय बदलले याचा पूर्ण इतिहास राहतो आणि मागे जाता येते. आणि दुसऱ्या खंडातला कुणी त्याच वेळी तेच जनुक पाहत असेल तर तुमचा बदल त्याला लगेच दिसतो.

यातला 'सर्व्हरवर ठेवलेला' हा भाग शहरातल्या प्रयोगशाळेला सोयीचा वाटत असेल. आमच्याकडे तो सोयीच्या फार पुढचा आहे. एवढ्या जीनोमला पुरेल असा सर्व्हर विकत घ्यायचा, तो चोवीस तास चालू ठेवायचा, थंड ठेवायचा, त्यावर सॉफ्टवेअर बसवायचे, बिघडले की दुरुस्त करायचे, दर काही महिन्यांनी सुरक्षेचे बदल करायचे. आमच्या विज्ञान विभागाचे वर्षाचे अंदाजपत्रक काचेच्या वस्तू आणि रसायने यांत संपते. संगणकतज्ज्ञ हे पदच मंजूर नाही. कुणी जीनोमचा सर्व्हर फुकट आणून दिला असता तरी मे महिन्यात तो आमच्या खोलीत तग धरू शकला नसता. होस्टेड सेवेने हे सगळे ओझे दुसरीकडे नेले. आमच्या वाट्याला उरले ते डोळे, धीर आणि वाद घालण्याची तयारी.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. या सेवांमधला जीनोम पाहण्याचा भाग, जेब्राउझ, अशा रीतीने बांधला आहे की सगळा जीनोम कधीच तुमच्याकडे उतरत नाही. पडद्यावर जेवढा भाग असेल तेवढाच सर्व्हरकडून येतो, आणि चित्र तुमच्याच ब्राउझरमध्ये काढले जाते. म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट लावूनही काम चालते. एकदा ऐन तासात वीज गेली. प्रयोगशाळेचे सहायक काका दारातून म्हणाले, "लाईन गेली, मॅडम. आता सारं पुसलं जाईन." पुसले काहीच गेले नाही. प्रत्येक बदल झाल्या क्षणी सर्व्हरवर नोंदला जातो. वेगळे 'सेव्ह' करावे लागत नाही. वीज आल्यावर मुलींनी पुन्हा लॉगिन केले आणि एक्सॉनची कड जिथे सोडली होती तिथेच होती. ज्या कुणी ही रचना केली त्यांच्या मनात वरूड तालुक्यातले भारनियमन नक्कीच नसेल. तरी ती आमच्यासाठीच केल्यासारखी झाली आहे.

आम्ही सुरुवात केली गॅलक्सीवर. गॅलक्सी ही जैविक माहितीच्या विश्लेषणाची खुली सेवा आहे. तिचा युरोपीय सर्व्हर जर्मनीतल्या फ्रायबुर्गमधून चालतो, अमेरिकेचा वेगळा, ऑस्ट्रेलियाचा वेगळा. नाव नोंदवले की जागा मिळते, पैसे लागत नाहीत. अपोलोला जीनोम कसा जोडायचा याचे धडेही त्यांनी मोफत ठेवले आहेत. एनसीबीआय या अमेरिकेतल्या जैवमाहिती केंद्राच्या सार्वजनिक साठ्यातून सायल्याच्या जीनोमचा एक तुकडा घेतला आणि कामाला लागलो.

पहिले जनुक निवडले कायटिन सिंथेज. किड्याचे कवच कायटिनचे असते. पिल्लू वाढताना पाच वेळा कात टाकते आणि प्रत्येक वेळी नवे कायटिन बनवावे लागते; ते बनले नाही तर पिल्लू मरते. फवारणीची काही औषधे नेमकी याच जागी काम करतात, आणि त्यातल्या एकाचे नाव वर्गातल्या एका मुलीने डब्यावर वाचलेले होते. पुष्कळ किड्यांत कायटिन सिंथेज दोन असतात, एक कवचासाठी आणि दुसरे आतड्याच्या अस्तरासाठी. सायल्यात एकच आहे, कारण रस पिणाऱ्या या कुळातल्या किड्यांना आतड्याचे तसे अस्तरच नसते. हे जनुक लांबलचक, पुष्कळ एक्सॉनचे. फळमाशीचे प्रथिन शेजारी ठेवून मुली एकेक एक्सॉन जुळवत गेल्या. एका ठिकाणी आरएनएच्या प्रती दोन निरनिराळ्या एक्सॉनकडे बोट दाखवत होत्या. कधी हा वापरला जातो, कधी तो. संगणकाने त्यातला एकच धरला होता. मुलींनी दोन्ही प्रकार वेगवेगळे नोंदवले आणि शेऱ्यात पुरावा लिहिला. पुरावा लिहिण्यावर माझा हट्ट आहे. "मला वाटते" चालणार नाही. कोणत्या पट्ट्यावर काय दिसले ते लिहायचे, म्हणजे उद्या कुणी असहमत झाले तर त्याला भांडायला जागा राहील.

सायल्याच्या बाबतीत मला सर्वांत गुंतवून ठेवणारी गोष्ट मात्र निराळीच आहे. ती आहे त्याच्यात नसलेल्या जनुकांची.

किड्यांना जिवाणूंशी लढण्याची स्वतःची व्यवस्था असते. फळमाशीत तिच्या दोन मुख्य वाटा आहेत. त्यातली आयएमडी नावाची वाट मुख्यतः ग्रॅम-निगेटिव्ह नावाच्या गटातल्या जिवाणूंवर धावून जाते. ग्रीनिंगचा जिवाणू ग्रॅम-निगेटिव्हच आहे. मग सायला त्याला अंगात कसा राहू देतो, वाढू देतो आणि झाडोझाडी कसा पोचवतो? सायल्याच्या जीनोमवर काम करणाऱ्या गटाने आयएमडी वाटेची जनुके शोधली, आणि त्यातली महत्त्वाची जनुके सापडलीच नाहीत. मावा या त्याच्या नातलगातही ती नाहीत, हे २०१० मध्येच कळले होते.

मी हे घरी सांगत होते तेव्हा मोठेबाबा ऐकत बसले होते. त्यांना माझे हे काम आवडते, पण प्रश्नही तेच विचारतात. म्हणाले, "जे नाही ते कायले शोधून राह्यली? जे आहे ते पाह्य ना."

मला त्यांना नीट सांगता आले नाही, म्हणून इथे सांगते. जीनोममध्ये 'आहे' म्हणणे सोपे. जनुक सापडले, दाखवले, झाले. 'नाही' म्हणायला सगळे शिवार पालथे घालावे लागते. संगणकाच्या यादीत एखादे जनुक नसले तर त्याची कारणे अनेक असू शकतात. जीनोमचा तो तुकडा जोडताना निसटला असेल. जनुक दोन तुकड्यांत मोडून भलत्याच नावाखाली पडले असेल. सॉफ्टवेअरला ते ओळखूच आले नसेल. हाताने तपासणारा माणूस कच्च्या अक्षरांत शोधतो, आरएनएच्या प्रतींत शोधतो, नात्यातल्या प्रत्येक किड्याचे प्रथिन घेऊन पुन्हा शोधतो, जीनोमची नवी आवृत्ती आली की परत शोधतो. एवढे केल्यावरच 'नाही' लिहिता येते. आणि त्या एका 'नाही'मधून किडा आणि जिवाणू यांच्या संगनमताचा धागा हाती लागतो. उद्या सायल्याने जिवाणू वाहून नेऊच नये असा काही उपाय निघायचा असेल, तर त्याची सुरुवात अशा नोंदीपासून होईल. मोठेबाबांच्या बगीचातल्या झाडांसाठी यापेक्षा कामाचे मी दुसरे काय शोधू?

कापसाच्या घरातली मुले मला विचारतात, आमच्या अळीचे काय? त्यांच्यासाठी मी २०१४ सालचा एक शोधनिबंध वर्गात वाचते. बीटी कापूस आपल्याकडे २००२ मध्ये आला. गुलाबी बोंडअळीने त्यातल्या क्राय१एसी या विषाला दाद देणे थांबवले, आणि भारतातल्या अशा अळ्यांचे एक जनुक, कॅडहेरिनचे, शास्त्रज्ञांनी तपासले. विष अळीच्या आतड्यात ज्या प्रथिनाला चिकटते ते प्रथिन बनवणारे हे जनुक. त्यांना या जनुकाची मोडतोड झालेली ८ नवी रूपे सापडली, आणि त्या ८ रूपांतून आरएनएच्या १९ निरनिराळ्या प्रती निघत होत्या. प्रत्येकीत मध्येच थांबा आलेला, किंवा किमान ९९ अक्षरे गाळलेली, किंवा दोन्ही. ८ पैकी ७ रूपे एकाहून अधिक तऱ्हेच्या प्रती काढत होती. म्हणजे एक्सॉनची हद्द बदलून अळी विषाच्या हातून निसटली होती.

हे वाचताना वर्ग शांत होतो. या मुलांनी २०१७ चा हंगाम घरात पाहिला आहे. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या मृत्यूंना कारणे पुष्कळ होती, एका जनुकावर ती लादता येत नाहीत. पण बोंडअळी बीटीला जुमानेनाशी झाली म्हणून फवारण्या वाढल्या, हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. त्यानंतर एक्सॉनची हद्द दहा अक्षरे इकडे की तिकडे, हा प्रश्न कुणाला बारीक वाटत नाही.

मनात एक शंका मात्र कायम असते. हे सर्व्हर दुसऱ्यांचे आहेत. त्यांचा खर्च कुठल्या तरी देशाचा करदाता किंवा कुठले तरी संशोधन अनुदान उचलते. अनुदान संपले की काय होते, याचे उदाहरण समोर आहे. अ‍ॅराबिडॉप्सिस या वनस्पतीचा माहितीसंग्रह, टेअर, जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांचा आधार होता. अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने त्याचे अनुदान टप्प्याटप्प्याने थांबवले आणि २०१३ नंतर तो वर्गणीवर चालू लागला. तो जगला, हे चांगलेच झाले. पण उद्या सायल्याच्या जीनोमपाशी वर्गणीची पाटी लागली, तर आमचे कॉलेज फाटकाबाहेर राहील.

जे काम सगळ्यांच्या हातांनी होते ते सगळ्यांच्या पैशाने टिकले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. रस्ता आणि वाचनालय यांच्या रांगेत ही सेवा बसते. अमेरिकेत ५,००० संधिपाद, म्हणजे किडे-कोळी यांच्या गटातल्या, प्राण्यांचे जीनोम वाचण्याची आयफाइव्हके ही मोहीम २०११ मध्ये पुढे आली, तेव्हा किड्यांच्या जीनोमसाठी अपोलोची सामायिक जागा उभारली ती तिथल्या राष्ट्रीय कृषी ग्रंथालयाने. ग्रंथालयाने! मला ती निवड फार आवडते. ऑस्ट्रेलियाने आपल्या संशोधकांसाठी अपोलोची देशपातळीवरची सेवा सुरू केली, म्हणजे प्रत्येक प्रयोगशाळेला वेगळा सर्व्हर सांभाळायला नको.

आपल्याकडे हे जमणार नाही असे म्हणणाऱ्यांना मी २०१० ची आठवण देते. सीएसआयआर या देशाच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी या, औषधे खुलेपणाने शोधण्याच्या, उपक्रमात 'कनेक्ट टू डीकोड' नावाचे काम झाले. क्षयाच्या जिवाणूचा जीनोम १९९८ सालीच प्रसिद्ध झाला होता, सुमारे ४,००० जनुकांचा. पण त्यातल्या कित्येकांपुढे नीट माहिती नव्हती. देशभरातल्या शेकडो विद्यार्थ्यांनी इंटरनेटवरून एकत्र येऊन त्या जनुकांची पुन्हा नोंद केली. तेव्हा आजच्यासारखे स्वस्त इंटरनेट नव्हते. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये फरिदाबादला भारतीय जैविक माहिती केंद्र सुरू झाले, ४ पेटाबाइट साठवणीचे. भारतात वाचलेले जीनोम भारतात साठवायची सोय झाली, ही मोठी गोष्ट आहे. मला त्याच्या जोडीला अशी जागा हवी आहे जिथे नागपुरी संत्रा, देशी कापूस, तूर, बोंडअळी, सायला यांचे जीनोम उघडे असतील, आणि तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलीला लॉगिन मिळेल. लॉगिनसाठी संस्थेचा ईमेल मागू नये. आमच्यासारख्या पुष्कळ कॉलेजांकडे तो नसतोच. नवख्याच्या नोंदीवर अनुभवी माणसाने नजर टाकावी, पण नवख्याला नोंद करू द्यावी. नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे. नजर टाकणारी माणसे दूर नाहीत.

नावाचा प्रश्नही आहे आणि तो मी लहान मानत नाही. अमेरिकेतल्या जीनॉमिक्स एज्युकेशन पार्टनरशिप या उपक्रमाने २०१५ मध्ये फळमाशीच्या एका गुणसूत्रावर निबंध प्रसिद्ध केला. त्याला १,०१४ लेखक होते, त्यातले ९०० हून अधिक पदवीचे विद्यार्थी. काहींनी तेव्हा नाके मुरडली, एवढे लेखक कसे म्हणून. मला ती यादी सुंदर वाटते. ज्याने एक जनुक नीट पाहिले त्याने एक जनुक पाहिले असे कुठेतरी लिहून ठेवणे हा साधा न्याय आहे. आमच्या मुलींची नावे अपोलोच्या इतिहासाच्या पट्टीत त्यांच्या प्रत्येक बदलापुढे आहेत. ती शोधनिबंधावरही यावीत, यासाठी मी सायल्यावर काम करणाऱ्या लोकांशी पत्रव्यवहार सुरू केला आहे.

विदर्भातल्या इतर कॉलेजांतल्या शिक्षकांनी हे काम हाती घ्यावे, असे मनापासून वाटते. सुरुवात अवघड नाही. गॅलक्सीचे अपोलोवरचे मोफत धडे आधी स्वतः पूर्ण करा. वर्गाला एकच जनुक द्या, आणि ते आरएनएचा पुरावा भरपूर असलेले निवडा. कायटिन सिंथेज त्यासाठी चांगले. दोन-दोन मुलांची जोडी करा, म्हणजे हद्दीवरून वाद होईल आणि वाद व्हायलाच हवा. प्रत्येक बदलापुढे पुराव्याचा शेरा लिहून घ्या. जोड्यांची उत्तरे न जुळल्यास ती दोन्ही फळ्यावर लिहा आणि मुलांनाच एकमेकांचे पट्टे तपासू द्या. यात अडचण आली, किंवा आमच्या मुलींनी केलेल्या नोंदी पाहायच्या असल्या, तर मला कळवा. पाहण्याची परवानगी मी लगेच देईन, आणि एखादा जनुक तुमच्या वर्गाने वेगळा आखला असेल तर तो आमच्या शेजारी ठेवून पाहायला आम्हाला आवडेल.